टायरचं परस्थान

काळूराम घरताचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण गेले तीन आठवडे तो शेंडा सोडून पार टाळूवर जाऊन बसला होता. कारण विचाराल तर एक कुत्रं. तेही कुठलं केसाळ, विलायती, मांडीवर घेऊन मिरवायचं नव्हे. काळं, गावठी, एका कानाचा तुकडा उडालेलं, आणि मासळीच्या वासानं अर्धा मैल धावणारं. आता ते कुत्रं विमानात बसणार होतं. काळूराम स्वतः अजून विमानात बसला नव्हता आणि आता कुत्र्याच्या निमित्तानं बसणार होता, याचाच त्याला पहिला राग.

"माझा बाप मिठागरात पाय कुजवून मेला," तो ट्रेलरच्या यार्डात येईल त्याला ऐकवायचा. "मी गाडीवर हाडं खिळखिळी करून घेतली. आमच्या सात पिढ्यांत कुणी विमानाची पायरी चढला न्हाय. आन् हा दळभद्री चालला हवेत!"

दळभद्री त्याच्याच खुर्चीखाली पडलेला असायचा. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलं की शेपटी जमिनीवर आपटायचा. त्याचं नाव टायर. यार्डातल्या जुन्या टायरात मुटकुळं करून झोपलेलं पिल्लू काळूरामच्या मुलीला, प्राप्तीला सापडलं होतं. तिनं त्याला घरी आणलं तेव्हा काळूरामनं घर डोक्यावर घेतलं होतं. "कुत्रं राहील नायतर मी!" अशी गर्जनाही झाली होती. राहिले दोघेही. प्राप्ती लग्न होऊन नवऱ्याबरोबर गुवाहाटीला गेली, तेव्हापासून कुत्रं काळूरामच्या बाजल्याखाली झोपायला लागलं, त्याच्याबरोबर केबिनमध्ये बसून बंदरापर्यंत जायला लागलं. त्याला बांगड्याचा काटा काढून कोण भरवतं, हे काळूरामची बायको कमळ रोज बघायची, पण बोलायची नाही. बोलली असती तर त्यानं भरवणं बंद केलं असतं, आणि मग दोघंही उपाशी राहिले असते.

आता हे विमानाचं खूळ कुठून आलं, ते सांगायला हवं.

फाल्गुनात प्राप्तीला सहावा महिना चालू होता. काळूरामनं तिच्या ओटीभरणासाठी मांडव सांगितला होता, बेंजो सांगितला होता, गावभर तोंडानं आमंत्रणं देऊन मोकळा झाला होता. आणि एक दिवस जावयाचा, ओंकारचा फोन आला. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

कमळ तशीच उठून रेल्वेनं गेली, महिनाभर लेकीपाशी राहिली आणि परत आली ती काळवंडून. "रडत न्हाय ती," कमळ सांगायची. "एक टिपूस न्हाय काढला. स्वयंपाक करते, भांडी घासते, मी काय बोलले तर व्हय म्हणते. मी म्हटलं, चल माहेरी, चार दिवस राहा. तर म्हणते, आई, तिथं सगळ्या बाया विचारतील."

ते खरंच होतं. विचारलं असतंच. गाव म्हणजे काय, जखम दिसली की बोट घालून बघणारच. काळूरामला गावाचा राग आला, मांडववाल्याचा राग आला, कारण त्यानं फोन करून "शेठ, तारीख कंची धरू?" असं विचारलं होतं. आणि सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. बाप म्हणून त्यानं लेकीला फोन लावला होता, तो कसा? तिचं "बाबा" एवढं ऐकलं. मग म्हणाला काय, तर "तिकडं पाऊस हाय का?" आणि फोन कमळच्या हातात कोंबून अंगणात निघून गेला. पोरीचं पोर गेलं आणि बाप पावसाची चौकशी करतो! त्या दिवसापासून तो रोज मनात वाक्य जुळवायचा आणि रोज ते घशातच अडकायचं.

अशात एका संध्याकाळी प्राप्तीनंच फोन केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं.

"बाबा, टायरला माझ्याकडं आणाल?"

काळूरामनं पायाशी पडलेल्या कुत्र्याकडे बघितलं. आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं, पण तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "आणतो."

आणि फोन ठेवून त्यानं जे तांडव सुरू केलं, ते आजतागायत चालू होतं.

त्याचा मुलगा प्रज्योत मोबाईलवर बघून एकेक नियम सांगायचा आणि काळूराम एकेक नियमाला शिव्या घालायचा. कुत्र्याला पिंजरा असा हवा की त्यात उभं राहता आलं पाहिजे, गिरकी घेता आली पाहिजे. "मना ट्रेलरच्या केबिनात गिरकी घेता येत न्हाय, तीस वर्षं झाली! कुणी इचारला?" डॉक्टरचा दाखला हवा, पण फार आधी घेतलेला चालत नाही. सगळ्या सुया टोचलेल्या हव्यात. निघण्याआधी पोटभर खायला घालायचं नाही. गुंगीचं औषध द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, कुत्र्याला पिंजऱ्याची आधीपासून सवय हवी, नाहीतर ते विमानाच्या पोटात बावचळेल.

शिव्या घालून झाल्या की काळूराम प्रत्येक गोष्ट नियमाबरहुकूम करायचा. पनवेलच्या डॉक्टरकडे स्वतः गेला. पिंजरा आणला तो सगळ्यात मजबूत. आणि सवयीसाठी त्यानं प्राप्तीची जुनी ओढणी ट्रंकेतून काढून पिंजऱ्यात अंथरली. टायर पहिल्या दिवशी पिंजऱ्याला बघून यार्डात पळाला. दुसऱ्या दिवशी ओढणीचा वास घेऊन तोंड आत घातलं. काळूराम पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि बोलत राहायचा. "जा रे मुडद्या. जा आत. तुझ्या पायी माझी गुडघ्याची वाटी गेली." हळूहळू कुत्रं आत जाऊन झोपायला लागलं. ओढणीवर त्याचे केस चिकटले, लाळ गळली, तिला मासळीचा, मातीचा, कुत्र्याचा मिळून एक वास लागला. कमळ नाक दाबून जायची. पण कुत्रं गाढ झोपायचं. काळूरामनं जन्मात एवढी चिकाटी कशाला दाखवली नव्हती.

आणि तिथंच माशी शिंकली.

विमान होतं अमावास्येचं. प्रज्योतनं तिकीट काढताना पंचांग बघितलं नव्हतं, आणि तो काय बघणार डोंबल. कमळनं दिवस ऐकला आणि कपाळाला हात लावला. पोरीच्या घरी अशा दुःखानंतर जायचं आणि अमावास्येला उंबरा ओलांडायचा? तिकीट बदलायचं म्हटलं तर कुत्र्याची जागा पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. तेव्हा कमळनं तिच्या आयेकडून शिकलेला तोडगा काढला. परस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, जाणाऱ्याचं थोडं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. मग प्रत्यक्षात माणूस अमावास्येला निघाला तरी बाधत नाही, फक्त ते सामान पुन्हा आपल्या घरात आणायचं नाही, जाताजाता उचलायचं.

आदल्या दिवशी काळूराम टायरला घेऊन बंदरावर गेला तो रात्री उशिरा परतायचा होता, तेव्हा सकाळीच कमळनं त्याची कपड्यांची पिशवी शेजारणीच्या, तुळशीच्या घरी नेऊन ठेवली. मग तिला वाटलं, प्रवास कुत्राही करणारच की. त्याचं सामान कुठलं? पिंजरा. म्हणून पिंजराही उचलून नेला.

तुळशी मनानं सोनं. पण तिला स्वच्छतेचं वेड. परस्थानाचं सामान घरात आलंय, देवाच्या नावानं ठेवलंय, आणि त्याला हा असला वास? तिनं पिंजरा अंगणात ओढला, फिनेल टाकून घासून घासून धुतला, उन्हात वाळवला. ओढणी साबणाच्या पाण्यात भिजवून, खंगाळून, निळीत बुचकळून दोरीवर टाकली. वर पिंजऱ्याला हळदीकुंकू लावून दारात एक उदबत्तीही लावली. करायला गेली बिचारी पुण्य.

अमावास्येला पहाटे काळूराम कुत्र्याला घेऊन, पिशवी आणि पिंजरा उचलायला तुळशीच्या अंगणात आला. बघतो तर पिंजरा लखलखत होता. आत निळीची, कडक घडी घातलेली ओढणी. फिनेलच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायची वेळ. टायरनं एकदा नाक पुढं केलं, फिस्सकन शिंकला आणि मागं सरकून काळूरामच्या लुंगीत घुसला.

"हे कुणी केलं?" काळूरामचा आवाज इतका बारीक निघाला की कमळ घाबरली. ओरडतो तेव्हा ती घाबरत नाही.

"दादा, मीच धुतला," तुळशी हौसेनं म्हणाली. "शुभकार्याला निघालाव, म्हटलं, घाण कशाला?"

"घाण?" आणि मग आभाळ फाटलं. "अगो, तीन आठवडे! तीन आठवडे मी त्या पिंजऱ्यापुढं कीर्तन केलं! ती घाण न्हवती, ते त्याचं घर व्हतं! आन् तू गो कमळे, तुना कुणी सांगितला त्याचं परस्थान ठेवायला? कुत्र्याला अमावास्या बाधते? त्याची पत्रिका काढली व्हती का? शनी हाय का त्याच्या शेपटीला?"

"मी चांगल्यासाठीच केलं," कमळ म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "तिच्या घरी आता काय बी वाकडं न्हाय झालं पायजे."

रागावायला समोर माणूस उरलं नाही की राग आणखी चढतो, तसं काळूरामचं झालं. त्यानं पिंजऱ्याला लाथ घातली, स्वतःच्याच अंगठ्याला लागलं, मग अंगठ्याला शिवी घातली. वेळ नव्हता. पिंजरा गाडीच्या मागं टाकला, कुत्र्याला मांडीवर घेतलं आणि प्रज्योतला म्हणाला, "हाण गाडी."

समुद्रावरच्या पुलावरून जाताना टायर काचेला नाक लावून बगळे बघत होता. काळूराम पूर्ण रस्ताभर ओढणी हातात चोळून चोळून तिचा साबण घालवायला बघत होता.

विमानतळावर खिडकीमागं ऋतिका नावाची पोरगी होती, प्राप्तीच्याच वयाची. तिनं सगळे कागद तपासले. "सगळं बरोबर आहे काका," ती म्हणाली. "आता पिंजरा रिकामा तपासायला जाईल, तोवर कुत्रा तुमच्याकडे राहू दे. मग त्याला आत बसवू."

पिंजरा तपासून आला. काळूरामनं दार उघडलं. "चल रे टायर. आत."

टायर बसला तिथंच बसला. ओढलं तर चारही पाय लादीवर रोवले. मागून ढकललं तर साबणाच्या वडीसारखा हातातून निसटला. प्रज्योतनं बिस्कीट टाकलं, ते बाहेर ओढून खाल्लं आणि पुन्हा मागं. शेवटी दोघांनी उचलून कोंबलं तर असा काही विव्हळला की लांबच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. तोंडाला फेस आला, नख्या जाळीला घासायला लागला. ऋतिका धावत आली.

"काका, काढा त्याला बाहेर. असा घाबरलेला असेल तर आम्हाला घेता येत नाही. वर त्याच्या जिवाला काही झालं तर?"

"मग गुंगीचं द्या कायतरी!"

"ते तर चालतच नाही. शांतपणे बसला तरच. अजून थोडा वेळ आहे, बघा प्रयत्न करून. नाहीतर तुम्ही एकटे जा, कुत्र्याला नंतर पाठवा."

"एकटा?" काळूराम कडाडला. "एकटा जाऊन काय करू? माझं थोबाड दाखवू तिला? पोरीनं मला न्हाय बोलावलं, याला बोलावलंय! काय समजलीव? मी ह्या कुत्र्याचा हमाल हाय, हमाल!"

प्रज्योत "बाबा, हळू" म्हणाला, त्याच्याकडे काळूरामनं अशा नजरेनं बघितलं की तो दोन पावलं मागं गेला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. प्राप्ती.

"बाबा, बसला का टायर? मी त्याच्यासाठी चटई आणलीय. तुमची जुनी लुंगी आणा म्हणणार होते मी, विसरले."

"बसला, बसला," काळूराम म्हणाला. जन्मात इतकं गोड तो बोलला नव्हता. "मजेत बसलाय."

फोन ठेवला आणि तो मटकन तिथल्याच खुर्चीवर बसला. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. सगळी चीड, सगळी शक्ती संपल्यासारखी झाली. कुत्रं आलं, त्याच्या दोन पायांमधून वर चढलं आणि त्याच्या शर्टाच्या बटणांमधून नाक आत घुसवून थरथरत राहिलं. थोड्या वेळानं थरथर थांबली. श्वास सावकाश झाला. डोळे मिटले.

काळूराम खाली बघत राहिला. प्राप्तीच्या ओढणीनं नव्हे, तर त्या पिंजऱ्यासमोर रोज मांडी घालून बसणाऱ्या माणसामुळं हे कुत्रं आत जात होतं, हे त्याला आत्ता कळलं. कुत्रं त्याचं होतं. पोरीचं कधीच राहिलं नव्हतं. ते आता कुणालाही सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मग ने घरी. बहाणाही आयता होता. विमानवाल्यांनी घेतला नाही, बस. खोटंही बोलायला लागलं नसतं. आणि त्याला ते किती हवंसं वाटलं, त्याची त्याला लाज वाटली आणि भयंकर संताप आला.

"मुडद्या," तो कुत्र्याला म्हणाला. "तिला आत्ता तुझी जास्त गरज हाय. समजलं का?"

मग तो उठला आणि भर विमानतळावर शर्टाची बटणं काढायला लागला.

"अहो काका!" ऋतिका ओरडली. बंदूकवाला जवान पुढं झाला. "ऐ भाईसाब, क्या कर रहे हो?"

"कपडे निकाल रहा हूँ! दिखता नहीं?" काळूरामनं घामानं चिंब झालेला बनियन डोक्यावरून उपसला. पोट सुटलेलं, छातीवर पांढरे केस, तसा तो सगळ्यांसमोर उभा राहिला. बनियन त्या निळीच्या ओढणीवर अंथरला, शर्ट उघड्या अंगावर चढवला आणि पिंजऱ्यासमोर लादीवर मांडी घातली.

"जा रे," तो म्हणाला. "जा आत. तुझ्या पायी माझी अब्रू पण गेली."

टायरनं बनियन हुंगला. काळूरामकडे बघितलं. मग सावकाश आत गेला, दोनदा गोल फिरला आणि बनियनवर तोंड ठेवून पडला. काळूरामनं दार लावलं. कडी नीट बसली का, हे दोनदा ओढून बघितलं. ऋतिकानं पाठ वळवून डोळे पुसले, आणि काळूराम तिच्यावरही खेकसला, "रडते कशाला? चिठ्ठी चिकटव पिंजऱ्याला!"

विमानात तो तीन तास पायाखालच्या जमिनीकडे बघत बसला. ढग बघितले नाहीत. शेजारच्यानं "पहिल्यांदाच का?" विचारलं, तर त्याला "माझा कुत्रा खाली हाय" असं उत्तर मिळालं आणि पुढं कुणी काही विचारलं नाही.

गुवाहाटीला पिंजरा हातगाडीवर ढकलत तो बाहेर आला. प्राप्ती आणि ओंकार समोरच उभे होते. पोरगी किती वाळली होती! गळ्याची हाडं वर आली होती. ती पुढं आली, पाया पडली आणि पाहुण्याला विचारावं तसं म्हणाली, "प्रवास बरा झाला का बाबा?"

काळूरामनं विमानात वाक्य जुळवलं होतं. ते गेलं कुठल्या कुठं. "खात न्हायस का काय?" तो ओरडला. "काटकी झालीस पार! हा ओंकार काय उपाशी ठेवतो का तुना?" ओंकारनं मान खाली घातली. प्राप्ती किंचित हसली, आणि त्या हसण्यात काहीच नव्हतं.

मग त्यानं पिंजऱ्याची कडी काढली.

टायर अडखळत बाहेर आला. अंग झाडलं. पहिल्यांदा काळूरामच्या पायांना नाक लावलं, खात्री करून घेतली. मग मान वर केली आणि वास घेत घेत प्राप्तीपाशी गेला. तिचे पाय हुंगले, साडीचा पदर हुंगला, आणि एकदम पिल्लागत कुंईकुंई करत तिच्या अंगावर उड्या मारायला लागला. प्राप्ती फुटपाथवर बसली. कुत्र्यानं तिचं तोंड चाटायला सुरुवात केली, आणि प्राप्तीच्या घशातून एक आवाज निघाला. आधी कुणाला कळलंच नाही तो तिचा आहे म्हणून. मग तिनं कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि मोठ्यानं, हंबरडा फोडून रडायला लागली.

टॅक्सीवाले थांबले. सामानवाले वळून बघायला लागले. कुणीतरी मोबाईल वर केला. ओंकार ओशाळून वाकला आणि हळूच म्हणाला, "प्राप्ती, ऊठ, घरी जाऊ. लोक बघतायत."

"बघू दे!" काळूराम गरजला. त्यानं ओंकारला बाजूला सारलं आणि पोरीच्या पुढं, त्या गर्दीकडे तोंड करून, हात पसरून उभा राहिला. त्या परमुलखात त्याचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

"काय बघताव? आँ? तमाशा हाय का? पोर गेलंय तिचं! माझी नात गेली!" त्याचा आवाज चिरकला, तरी तो थांबला नाही. "एवढे दिवस कुणी रडू दिलं न्हाय तिला. मी, तिचा बाप, मी पाऊस इचारला. रडू द्या तिला! हटा तिकडं! रडू द्या आमाला!"